कुवेतात मागितलेली तारीख

कुवेतहून परत येऊन आता दोन वर्षं होत आली, तरी रत्नागिरीच्या बाररूममध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "काय वकीलसाहेब, काय आणलंत तिकडून?" त्यांना घड्याळ, ट्रान्झिस्टर, गेला बाजार अत्तराची बाटली तरी अपेक्षित असते. मी हसून वेळ मारून नेतो. खरं सांगायचं तर मी एक खटला घेऊन गेलो होतो आणि तो तिथे घालवून आलो. माझ्या हातून तो कसा गेला हे एकदा लिहून टाकावं म्हणून हा खटाटोप. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कुवेत पाहिलेलं नसणार, म्हणून जाता जाता तिथलं ऊन, मासे आणि माणसं यांचाही हिशेब देतो. पण मूळ गोष्ट इब्राहिमचाचांची आहे.

इब्राहिमचाचा म्हणजे जयगडच्या खाडीवरचे जुने तांडेल. सारा जन्म गलबतावर गेलेला. त्यांचा धाकटा मुलगा यूसुफ पासपोर्टाशिवाय एका लाँचमधून कुवेतला निघाला. त्या काळी आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ पोरं अशी जात. लाँचचा नाखवा एडनचा, सालेम नावाचा. पहाटे दूरवर कुवेतचा किनारा दिसू लागला आणि त्याच वेळी गस्तीची बोटही दिसली. नाखवा घाबरला. इथून पाणी कमरेइतकंच आहे, चालत जा, असं सांगून त्यानं सगळ्यांना समुद्रात उतरवलं. पाणी कमरेइतकं नव्हतं. पोरं पट्टीची पोहणारी, म्हणून दुपारपर्यंत कशीबशी किनाऱ्याला पोचली. यूसुफच्या मात्र पायात गोळा आला. त्यानं लाँचकडे तोंड करून हाका मारल्या. लाँच शंभर हातांवर असेल, पण ती फिरली नाही. हे सगळं त्याच्या आतेभावानं, दाऊदनं, पाण्यात हातपाय मारत पाहिलं. यूसुफ पुन्हा कुणाला दिसला नाही.

पुढे वर्षभरानं तोच नाखवा कुवेतच्या धक्क्यावर दाऊदला दिसला. दाऊदनं धाडस करून तक्रार दिली आणि मामूला पत्र लिहिलं. ते पत्र घेऊन चाचा माझ्या ऑफिसात आले.

"मना त्याला फासावर चढवायचा नाय, वकीलसाहेब," ते म्हणाले. "मना लोकांसमोर त्याला एकच इचारायचा हाय. नाव का नाय फिरवलीस?"

मी म्हटलं, "चाचा, घटना भर समुद्रातली. ते पाणी नक्की कुणाचं, हा प्रश्न आधी येईल."

चाचा म्हणाले, "दर्यात माणूस पडला तर आमी आधी नाव फिरवतो. पाणी कुणाचा आन् माणूस कुणाचा, ता मग बघतो."

मी पुस्तकं चाळली. कुवेत शेखांचं राज्य. पण आम्हा हिंदी लोकांचे आणि इंग्रजांच्या इतर प्रजेचे खटले अजून तिथल्या इंग्रजी कोर्टात चालत. एडन इंग्रजांचं, म्हणजे नाखवा इंग्रजांची प्रजा. तो भर समुद्रात असला तरी त्या कोर्टाचा हात त्याच्यापर्यंत पोचत होता. गावच्या जमातीनं तिकिटाचे पैसे उभे केले. मी फी घेतली नाही. ही गोष्ट तेव्हा मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

बंदर

एकसष्ट सालच्या मे महिन्यात आम्ही कुवेतला उतरलो. बोटीवरचे दिवस गाळतो; पाचांपैकी तीन दिवस मी आडवा होतो आणि सत्तरीचे चाचा मला लिंबू चाटवत होते, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

कस्टमवाल्यानं माझी ट्रंक उघडली. पत्नीनं दिलेल्या लोणच्याच्या बरणीनं वाटेतच राम म्हटला होता आणि सगळं तेल माझ्या काळ्या कोटात उतरलं होतं. तो अरब शिपाई कोटाचा वास घेऊन जोडीदाराला काहीतरी म्हणाला आणि दोघं पोट धरून हसले. माझी पदवी, माझी सनद, सगळी त्या वासापुढे फिकी पडली. पुढचे सगळे दिवस मी कोर्टात त्याच कोटात उभा राहिलो.

ऊन मी कोकणातही पाहिलं आहे. आपलं ऊन घाम काढतं. तिथलं घाम येऊच देत नाही, वरच्या वर पिऊन टाकतं. जुना मातीचा तट पाडून तिथे रुंद रस्ते केलेले, त्यांवर बोटीएवढ्या अमेरिकन मोटारी. सावलीला म्हणून झाड नाही. आपला रुपया तिथे इतकी वर्षं चालत होता, तोही नुकताच हद्दपार होऊन शेखांचा स्वतःचा दिनार आला होता. दुकानदार नवी नोट उजेडात धरून कौतुकानं बघत. मला ते पाहून बरं वाटलं. आपलीही पहिली तिकिटं, पहिली नाणी आपण अशीच बघितली होती.

हवल्ली

दाऊद हवल्लीत एका किराणा दुकानात कामाला होता आणि दुकानाच्या मागच्या खोलीत आणखी चार रत्नागिरीकरांबरोबर राहत होता. पंचविशीचा, हडकुळा, बोलताना सारखा दाराकडे बघणारा. मामूला पाहून तो रडला नाही. त्यानं मुकाट्यानं चाचांच्या वहाणा काढल्या आणि पाय धुतले.

जेवायला तांदळाची भाकरी आणि झुबेदीचं कालवण. झुबेदी म्हणजे आपलं पापलेट. अरब लोकांचा त्यावर एवढा जीव की बाजारात सकाळी त्यावरून भांडणं होतात. शेजारचा कुवेती म्हातारा अबू खालिद आम्ही कोकणातून आल्याचं ऐकून चहा पाजायला घेऊन गेला. त्याच्या घराला पुरुषांनी बसायची एक वेगळी लांब खोली. गाद्या, लोड, आणि कुणीही यावं, बसावं, बोलावं. आपल्याकडे अनोळखी माणूस आला की आपण ओटीवरून "काय काम काढलंत?" असं विचारतो. तिथे तीन पेले चहा होईपर्यंत काम विचारणं असभ्यपणा समजतात. चहा बिनदुधाचा, बोटभर पेल्यात. अबू खालिद तरुणपणी मोती काढायच्या गलबतांवर होता आणि मुंबई-कोकणची बंदरं त्याला पाठ होती. तो आणि चाचा मोडक्या हिंदीत तासभर वाऱ्यांची नावं एकमेकांना सांगत बसले. नाखव्याची हकिकत ऐकल्यावर त्यानं पेला खाली ठेवला.

"आमच्यात तर असा नाखवा पुन्हा समुद्रावर जात नाही," तो म्हणाला. "त्याच्याबरोबर कुणी जेवायलाही बसत नाही."

खोलीवर परतताना दाऊदनं मला बाजूला घेतलं. "वकीलसाब, साक्ष देईन मी. पन मी कसा आलो ता बी सांगावा लागंल ना? कागद नाय माज्याकडं. मालक बोलतो गप बस."

"इंग्रजी कोर्टात साक्षीदाराला संरक्षण मिळतं," मी म्हणालो. "मी तसं कोर्टाकडून लेखी मागून घेतलंय."

हे खरं होतं. ती चिठ्ठी अजून माझ्यापाशी आहे.

इंग्रजी कोर्ट

आता मला जिथे लिहायला जड जातं तो भाग आला. कोर्ट म्हणजे एका साध्या इमारतीतली पंख्याची खोली. न्यायाधीश उतारवयाचा इंग्रज, चेहरा उन्हानं भाजलेला, आवाज मात्र मऊ. आरोपी म्हणून सालेम नाखवा समोर बाकावर बसलेला. मी कुणी राक्षस अपेक्षिला होता. हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात जपमाळ घेतलेला, कुठल्याही बंदरावर भेटेल असा माणूस. त्याच्यात आणि चाचांच्यात चार हातांचं अंतर होतं. चाचांनी नवी टोपी घातली होती आणि ते त्याच्याकडे टक लावून बघत होते.

मला तक्रारदारातर्फे बोलायची परवानगी मिळाली. दाऊद हजर होता. साहेबानं विचारलं, "साक्षीदार तयार आहे. सुरुवात करायची?"

वाचकहो, आमच्या जिल्ह्यातल्या वकिलाला झोपेतून उठवून कुणी असं विचारलं तरी त्याच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडतं. पहिल्या दिवशी खटला चालवायचा नसतो. पहिल्या दिवशी न्यायाधीश बघायचा, विरुद्ध पक्ष बघायचा आणि पुढची तारीख घ्यायची. वीस वर्षं मी हेच केलं आहे. माझ्या गुरूंनी मला हेच शिकवलं. शिवाय यूसुफ चाचांचाच मुलगा असल्याचा मामलेदाराचा दाखला गावाहून यायचा होता, आणि कागद पुरा नसताना उभं राहायचं म्हणजे आमच्याकडे अंगात सदरा नसल्यासारखं.

पण नुसती सवय म्हणून सोडून देता येत नाही. बेचाळीस साली शाळेवर झेंडा लावला म्हणून मला सहा महिने आत टाकलं होतं, आणि टाकणारा मॅजिस्ट्रेट अशाच मऊ आवाजाचा गोरा होता. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या देशात, पुन्हा तसल्याच खुर्चीपुढे "न्याय द्या महाराज" म्हणून वाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. अबू खालिदच्या बैठकीत मी ऐकलं होतं की हे कोर्ट लवकरच बंद होणार आणि सगळे खटले कुवेतच्या स्वतःच्या कोर्टाकडे जाणार. मला वाटलं, आपली केस पहिल्यांदा तिथे चालावी. आशियातल्या माणसाला आशियातल्या न्यायाधीशानं न्याय द्यावा. वाक्य छान होतं. मी ते मनात इंग्रजीतही करून पाहिलं.

मी उठून पंधरा दिवसांची मुदत मागितली.

साहेबानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमची खात्री आहे? हे कोर्ट आता फार दिवस नाही. ज्या खटल्यात साक्ष सुरू झाली असेल, तो आम्ही संपवून जाऊ. बाकीचे नव्या कोर्टाकडे जातील. ते काय करतील, हे मी सांगू शकत नाही."

"माझी खात्री आहे," मी म्हणालो. "नव्या कोर्टावर आमचा पूर्ण विश्वास आहे."

दुभाष्यानं याचा अरबी तर्जुमा केला तेव्हा मागच्या बाकांवरून शाबासकीची कुजबुज झाली. मी खूश झालो. तेवढ्यात चाचा उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, आपली वेळ आली. त्यांनी नाखव्याकडे हात करून तोंड उघडलं. त्यानंही मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मी पटकन चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं.

"आत्ता नाही चाचा. असं मधेच बोललं तर साहेब बाहेर काढेल. पुढच्या तारखेला विचारू."

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "सायब आज ऐकत हुता. आज करून टाकला असता तर?"

"तुम्हाला कोर्टाचं कळत नाही," मी म्हणालो.

मीना अब्दुल्ला

मधले दिवस रिकामे होते. एका शुक्रवारी दाऊदनं मालकाची गाडी मिळवली आणि तो आम्हाला दक्षिणेला, मीना अब्दुल्लाच्या बाजूला घेऊन गेला. रिफायनरीच्या चिमण्यांतून दिवसाढवळ्या ज्वाळा निघत होत्या. तिथून पुढे सपाट वाळू, आणि नंतर समुद्र. तो इतका शांत की आमच्या माणसाला समुद्र म्हणावासाही वाटत नाही. खाडीसारखा, लाटेचा आवाज नसलेला.

"हितं लागलो आमी," दाऊद म्हणाला आणि त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. "तिकडं तो हाका मारीत हुता. पयल्यांदी नाखव्याला. मग बापाला, बावा, बावा करून."

चाचांनी फातिहा पढली. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावून पाहिलं आणि टाकून दिलं. "आपल्यापेक्षा खारा," एवढंच म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झालं. रस्त्यांवर मोटारींचे भोंगे, दुकानांवर झेंडे, अबू खालिद सगळ्यांना हलवा वाटत होता. मी त्याला मिठी मारली. सत्तेचाळीस सालचे पेढे आठवले. माझ्या आनंदात खोट नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आतच इंग्रजी कोर्टानं नव्या साक्षी घेणं बंद केलं होतं. आमचं प्रकरण गठ्ठ्यात बांधून नव्या कोर्टाकडे गेलं होतं.

नवं कोर्ट

न्यायाधीश तरुण होते, कैरोला शिकलेले. त्यांनी आम्हाला आधी आपल्या खोलीत बोलावलं, चहा दिला, चाचांना स्वतः उठून खुर्ची दिली. दाऊदचा जबाब त्यांनी दोनदा वाचला होता. इंग्रजीत ते सावकाश, शब्द निवडून बोलत.

"मला हा मुलगा खरं बोलतोय असं वाटतं," ते म्हणाले. "पण आरोपी आमचा नागरिक नाही. लाँच आमची नाही. मेलेला मुलगा आमचा नव्हता, आणि ती जागा आमच्या हद्दीबाहेर आहे. मी त्याला कोणत्या अधिकारानं शिक्षा करू?"

"मग हा गुन्हा कुणाच्या हद्दीत झाला?" मी विचारलं.

"कदाचित कुणाच्याच नाही."

"इंग्रजी कोर्टानं तर हा चालवायला घेतला होता."

"वकीलसाहेब, इंग्रज कुणाच्याही पाण्यात हात घालत होते, म्हणूनच ते हे करू शकत होते. तुम्हीही त्यांना आपल्या घरातून घालवलंत. त्यांची सत्ता नको, पण तेवढा लांब हात मात्र हवा, असं मला कसं म्हणता येईल? आज मी दुसऱ्याच्या माणसावर हात टाकला, तर उद्या कुणी माझ्या माणसावर टाकेल."

यात खोडण्यासारखा एक शब्द नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो; बेचाळीस साली जवळजवळ हेच बोललो होतो. त्यांनी एक वाट दाखवली. हिंदुस्थान सरकारनं किंवा एडननं आरोपीला रीतसर मागितलं, तर ते विचार करतील. तोवर त्याला अडकवून ठेवायला कायदा नव्हता. मी दिल्लीला तार केली. उत्तर आलं की नव्या राज्याशी असा करार अजून नाही, विषय विचाराधीन आहे. तोवर सालेम नाखवा आपली लाँच घेऊन निघून गेला होता. एडनला पाठवलेल्या पत्राचं उत्तर मला रत्नागिरीत मिळालं. या नावाचा इसम इथे आढळत नाही, असं त्यात होतं.

स्वातंत्र्याला आठवडा होतो न होतो तोच उत्तरेकडच्या शेजाऱ्यानं हा सगळा देशच आपला आहे असं जाहीर केलं, आणि कुवेतनं इंग्रजांची फौज बोलावली. गोरे शिपाई उन्हात घामाघूम होऊन धक्क्यावर उतरत होते. लोक म्हणत, बरं झालं आले. मी त्यांना हसू शकलो नाही. गळ्याशी आलं की माणूस कुणालाही हाक मारतो.

आणि मग दाऊदला बोलावणं आलं. त्याच्या जबाबात त्यानं स्वतःच सांगितलं होतं की तो कागदाशिवाय देशात शिरला. इंग्रजी कोर्टाची संरक्षणाची चिठ्ठी मी पुढे केली. कारकुनानं ती सभ्यपणे परत दिली. ते कोर्ट आता नव्हतं. दाऊदला देश सोडायचा हुकूम झाला. त्यातही बेकायदा काही नव्हतं. इतक्या देशांच्या कायद्यांना मिळून एक गुन्हेगार सापडला, आणि तो आमचा साक्षीदार होता.

अबू खालिदनं ओळखीपाळखी करून पाहिलं, पण नव्या सरकारात अजून कुणाची ओळख मुरली नव्हती. निघताना त्यानं चाचांच्या हातात खजुराचा डबा दिला. "तुमच्या पोराला मी वाचवलं असतं," तो म्हणाला. चाचांनी मान हलवली. त्या दोघांत वकिलाची गरज नव्हती.

परत

परतीच्या बोटीवर मला एकदाही मळमळलं नाही. मळमळलं असतं तर बरं झालं असतं. दाऊद डेकवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला असायचा. दोन वर्षांच्या कमाईवर त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, ते आता पुढे ढकलायचं होतं. मी त्याची माफी मागितली. "तुमचा काय दोष, वकीलसाब," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

चाचांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. उलट जेवायच्या वेळी हाक मारीत, खजूर पुढे करीत. पाचव्या दिवशी आम्ही मुंबईला उतरलो. धक्क्यावर हमालांची आरडाओरड, पावसाची चिकचिक. दाऊदनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि तो पुढे झाला. चाचा मात्र थांबले. माझ्याकडे न बघता, बोटीकडे बघत म्हणाले,

"त्या दिवशी मी उठलो हुतो, वकीलसाहेब. तो माज्याकडं बघत बी हुता."

"हो, चाचा."

"इचारला असता तर सायबानं मना भायेर काढला असता. यवढाच ना?"

"हो," मी म्हणालो. "एवढंच."